कॅरॅमल जमवायचंय? आधी काटा आणि थर्मामीटर घ्या, बाकीची खेळणी नंतर

आमच्या ओट्याखालच्या एका खणाला घरात सगळे म्युझियम म्हणतात. त्यात सफरचंदाच्या फोडी करायचं चक्र आहे, अंड्याचे काप करायचं तारांचं यंत्र आहे, लसूण सोलायची रबरी नळी आहे, आणि एक वस्तू अशी आहे की ती कशाची आहे हे आता मलाही आठवत नाही. सगळं हौसेनं घेतलेलं, दोनदा वापरलं आणि मग धुवायचा कंटाळा आला म्हणून खणात गेलं. पण दोन गोष्टी या खणात कधीच गेल्या नाहीत, त्या कायम ओट्यावरच असतात, एक म्हणजे डिजिटल वजनकाटा आणि दुसरा पाकाचा थर्मामीटर. तर हे लिहिणं त्या दोघांबद्दल, आणि त्यांच्या जिवावर कॅरॅमल कसं करायचं त्याबद्दल, कारण कॅरॅमल एकदा जमलं ना की सॉस, टॉफी, जाळीदार कुरकुरीत तुकडे सगळं त्याच एका पातेल्यातून निघतं. फक्त साखर कुठे थांबवायची तेवढं कळलं पाहिजे.

आधी काट्याचं बोलू, ते पटकन संपतं. वाटीनं मोजायची सवय असेल तर मैद्याची एक वाटी आणि तीच वाटी जरा दाबून भरलेली यात सहज पाव वाटीचा फरक पडतो हे करून बघा, डोळ्यांनी दिसेल. साखरेचं तेवढं वाईट नाही पण बारीक दाणा आणि जाड दाणा यात फरक पडतोच. काटा घेताना एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत झेपणारा घ्या, आणि त्याला परत शून्यावर आणायचं बटण आहे ना ते बघा, कारण खरी मजा त्या बटणातच आहे. पातेलं ठेवा, शून्य करा, साखर ओता, शून्य करा, पाणी ओता. पाणी तर एक मिली म्हणजे एकच ग्रॅम, त्यामुळे मापाचा पेला पण लागत नाही आणि नंतर धुवायला एकही भांडं निघत नाही! एकच सांगतो, सोडा-मीठ असल्या चिमूटभर गोष्टींसाठी या काट्यावर विसंबू नका, दोन-तीन ग्रॅमला तो गडबडतो, तिथे आपला चमचाच बरा. लहान चमचा ५ मिली, मोठा १५ मिली.

आता थर्मामीटर. इथे जरा थांबून बोलायला हवं कारण माझं स्वतःचं अर्धं नुकसान इथेच झालं. पहिला मी जो घेतला तो भाजलेल्या मांसात खुपसून बघायचा होता, १२० च्या पुढे त्याची बोलतीच बंद. कॅरॅमलला १८० पर्यंत जावं लागतं, म्हणजे निदान २०० डिग्री सेल्सिअसपर्यंत वाचणारा हवा. दुसरा घेतला तो बंदुकीसारखा, लांबून लाल ठिपका टाकून तापमान सांगणारा, दिसायला भारी पण तो फक्त वरच्या थराचं तापमान घेतो आणि मधे वाफ आली की काहीही सांगतो, पाकासाठी मला तरी तो पटला नाही. शेवटी साधा, टोकदार दांडीचा, पातेल्याच्या काठाला चिमट्यानं अडकवायचा घेतला आणि तोच टिकला.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे त्याची परीक्षा घ्यायची. पाणी खळखळून उकळू द्या आणि दांडी त्यात बुडवा, बुडाला टेकवू नका. समुद्रसपाटीच्या आसपास राहत असाल तर १०० दिसलं पाहिजे. तुम्ही उंचावर राहत असाल तर पाणी त्याआधीच उकळतं, साधारण दर ३०० मीटरला एक डिग्री कमी, म्हणजे १५०० मीटरवर ९५ च्या आसपासच उकळेल, तो थर्मामीटरचा दोष नाही. कारण काहीही असो, तुमच्या घरी तो ९७ दाखवतो ना, मग पुढे मी जे जे पाकाचे आकडे सांगणार आहे त्या सगळ्यांतून ३ वजा करा, फक्त फरक नुसत्या उंचीमुळे असेल तर १६० च्या पुढचे, रंगाचे आकडे तसेच ठेवा. एवढं एक केलं तरी अर्ध्या टॉफ्या वाचतील.

बरं, हा थर्मामीटर नक्की सांगतो काय? मला हे बरेच दिवस कळलंच नव्हतं. पाक १०० ला का नाही थांबत, वर वर का जातो? तर साखर विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं आणि जसजसं पाणी उडून जातं, साखर दाट होते, तसतसा उकळायचा आकडा वर चढतो. म्हणजे वरवर तो तापमान सांगतोय पण आपल्याला कळतंय ते हे की पाकात पाणी किती उरलंय. ११० च्या आसपास दोन बोटांमध्ये तार निघते, ११२ ते ११६ ला थंड पाण्यात टाकलं तर मऊ गोळी होते, तेव्हा साखर साधारण ८५ टक्के झालेली असते. १२० ला गोळी जरा घट्ट, १२१ ते १३० ला कडक, १५० ला गेलात तर पाण्यात पडताच काचेसारखा ताठ होतो आणि कट्‌कन मोडतो, तिथे पाणी जेमतेम एक टक्का उरलेलं. १६० च्या पुढे मग साखरच तुटायला लागते, रंग येतो, वास बदलतो, तिथून कॅरॅमल सुरू.

एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द आपल्याकडे आहेतच आणि ज्यांचा हात बसलाय त्यांना आकडे लागत नाहीत हे मान्य. पण हात बसेपर्यंत काय करायचं? माझी आई पाक बोटावर घेऊन सांगते झाला म्हणून, मी घेतला तर बोट भाजलं आणि पाक पुढे निघून गेला. थर्मामीटर लावून चार-सहा वेळा केलं आणि प्रत्येक वेळी आकड्याबरोबर बुडबुडे कसे दिसतात, आवाज कसा येतो ते बघत गेलो तेव्हा कुठे डोळा तयार झाला.

पातेल्याचं एक सांगायचं राहिलं. जाड बुडाचं, आतून फिकट रंगाचं, स्टीलचं घ्या. काळं नॉनस्टिक नको, कारण आत रंग कळत नाही आणि कॅरॅमलचा सगळा खेळ रंगाचा. आणि मोठं घ्या, वाटेल त्यापेक्षा मोठं, पुढे क्रीम ओताल तेव्हा ते तीन-चार पट फुगून वर येतं. अडीच-तीन लिटरचं पातेलं २०० ग्रॅम साखरेला खूप मोठं दिसेल, दिसू दे.

अजून एक, आणि हे मी गमतीत सांगत नाहीये. उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं, पाक चिकटतो आणि भाजतच राहतो, तोही १७० डिग्रीनं. लहान मुलं आणि मांजरं स्वयंपाकघराबाहेर, हातात फोन नको, बोट बुडवून चव बघायची नाही, आणि सुरुवात करायच्या आधीच गार पाण्याचं एक मोठं भांडं शेजारी ठेवा. भाजलंच तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली धरायचं, वीसेक मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, लोणी नाही. फोड मोठे आले किंवा चेहऱ्यावर उडालं तर सरळ डॉक्टर.

चला आता सॉस. साखर २०० ग्रॅम, पाणी ६० ग्रॅम, लोणी ९० ग्रॅम, फेटायचं जाड क्रीम १२० ग्रॅम, मीठ अर्धा लहान चमचा. लोण्याचे तुकडे करून बाहेर काढून ठेवा आणि क्रीम कोमट करून ठेवा, फ्रिजमधलं गार ओतलं की जास्त उसळतं आणि पाकाचा गोळा होऊन बसतो. हे सगळं हाताशी हवं, कारण शेवटी जे होतं ते सेकंदात होतं, तेव्हा फ्रिज उघडायला वेळ नसतो.

पातेल्यात आधी पाणी, मग मधोमध साखर, कडेला उडू न देता. मध्यम आच. साखर विरघळेपर्यंत हलकेच हलवा, एकदा पाक पारदर्शक झाला आणि उकळी आली की चमचा बाजूला ठेवून द्या आणि परत हात लावू नका. हे सगळ्यात अवघड, मला माहितीये, हात शिवशिवतो. पण झालं काय की कडेला एखादा साखरेचा दाणा चिकटलेला असतो, तुम्ही ढवळलंत की तो पाकात पडतो आणि मग त्याच्याभोवती बाकीची साखर जमायला लागते आणि बघता बघता सगळं पातेलं परत पांढरं रवाळ. त्यासाठी एक ब्रश पाण्यात बुडवून पातेल्याच्या आतल्या कडा पुसून घ्यायच्या, ब्रश नसेल तर पहिली दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा, वाफच कडा धुऊन काढते. आणि एक चमचा ग्लुकोज सिरप किंवा लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब सुरुवातीलाच टाकले तर अजून निर्धास्त. आंबटानं थोडी साखर तुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ही दोघं मधे घुसली की साखरेच्या दाण्यांना नीट रांगेत बसता येत नाही. तरीही झालंच रवाळ तर फेकू नका, पाव वाटी पाणी घाला आणि परत विरघळवा. साखर काही रागावत नाही, शंभर वेळा विरघळेल, एकदा जळली की मात्र संपलं.

मग वाट बघायची. सुरुवातीला आकडा इतका हळू चढतो की वाटतं बॅटरी गेली. ११०-११५ ला तर तो बसूनच राहतो, कारण सगळी उष्णता पाणी उडवण्यात जातेय. म्हणून लोक कंटाळून आच वाढवतात आणि तिथेच फसतात. पाणी संपलं की पुढचा प्रवास धावतपळत होतो, १६० ला फिकट पिवळा, १७० ला मधासारखा, आणि तिथून दहा डिग्री म्हणजे पापणी लवायला अवकाश. एका बाजूला रंग आधी आला तर चमचा न घालता पातेलंच सांडशीनं धरून हळू गोल फिरवा.

मी १७५ ला गॅस बंद करतो. पातेलं तापलेलं असतंच, ते आपोआप अजून चार-पाच डिग्री चढतं. तांबूस, तांब्याच्या नव्या भांड्यासारखा रंग हवा आणि वास नुसता गोड न येता किंचित करपल्यासारखा, पण करपलेला नाही. पहिल्या वेळी सगळेच घाबरून लवकर थांबवतात, मग सॉस नुसता गोड लागतो, कॅरॅमल लागत नाही. १९० च्या पुढे कडवटपणा येतो, काहींना तो आवडतो, मलाही थोडा आवडतो, पण धूर यायला लागला तर मात्र सोडून द्या, क्रीम घालून तो कडूपणा झाकला जात नाही, उलट क्रीम आणि लोणी पण वाया.

गॅस बंद केल्यावर लोणी टाका, ढवळा, मग क्रीम बारीक धारेनं, थांबत थांबत. फसफसून वर येईल, वाफेचा लोट येईल, तोंड लांब ठेवा आणि लांब दांड्याचा चमचा वापरा. गुठळ्या झाल्या तर परत अगदी मंद आचेवर ठेवा, दोन मिनिटांत विरघळतात. मीठ सगळ्यात शेवटी. गरम असताना पातळ वाटेल आणि तुम्हाला वाटेल फसलं, नाही फसलं, गार झाल्यावर दाट होतं. काही वेळा तूप सुटल्यासारखं वर येतं, म्हणजे लोणी फुटलंय, तेव्हा एक-दोन चमचे गरम पाणी घालून जोरात फेटा किंवा हँड ब्लेंडर फिरवा, परत एकजीव होतं. (हँड ब्लेंडर हे तिसरं यंत्र जे म्युझियममध्ये गेलेलं नाही.) काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं, तेवढे दिवस उरलं तर. आईस्क्रीमवर, कॉफीत, सफरचंदाच्या फोडींबरोबर, आणि रात्री साडेअकराला उभ्या उभ्या चमच्यानं.

फ्रिजमधून काढल्यावर घट्ट असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद. मायक्रोवेव्हची गोष्ट पण गोडाचीच आहे बघा, १९४५ च्या सुमारास पर्सी स्पेन्सर नावाचा इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनपाशी, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणाऱ्या नळीपाशी, उभा होता आणि त्याच्या खिशातला गोड खाऊ वितळला, त्यावरून त्याला कल्पना सुचली असं सांगतात. पण कॅरॅमल पहिल्यापासून मायक्रोवेव्हमध्ये करायच्या भानगडीत पडू नका. जमतं म्हणतात, मी दोनदा केलं आणि दोन्ही वेळा मधे काळं आणि कडेला पांढरं निघालं.

टॉफी म्हणजे हाच सॉस पुढे नेलेला. साखरेबरोबर सुरुवातीलाच ६० ग्रॅम ग्लुकोज सिरप घाला, बाकी सगळं तसंच, पण लोणी आणि क्रीम घातल्यावर परत आचेवर ठेवायचं आणि आता मात्र हलवत राहायचं नाहीतर बुडाला लागेल. इथे १७५ वगैरे विसरा, क्रीममधलं पाणी आल्यामुळे तापमान परत खाली येतं आणि आपल्याला फक्त १२० पर्यंत जायचंय. ११८ ला काढलीत तर मऊ, दातांना चिकटणारी. १२१ ला नीट आकार धरणारी. १२५ ला चघळत बसावं लागेल अशी. तीन-चार डिग्रीत एवढा फरक पडतो म्हणूनच मी थर्मामीटरचं एवढं पालुपद लावलंय. हवा दमट असेल तर एक-दोन डिग्री जास्त न्या, साखर हवेतलं पाणी ओढून घेते आणि टॉफी घाम आल्यासारखी होते. साधारण १५ सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात बटर पेपर घालून ओता, तीन-चार तास बसू द्या, तेल लावलेल्या सुरीनं कापा आणि प्रत्येक तुकडा वेगळा गुंडाळा, नाहीतर सगळ्या मिळून परत एक मोठी टॉफी होते. शंका असेल तर ओतायच्या आधी गार पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकून बघा, तो जसा लागेल तशीच टॉफी लागणार.

टॉफीत सॉसपेक्षा वेगळी एक खमंग चव येते ती नुसत्या साखरेची नाही. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी होतात, पाव भाजताना जे होतं तेच, त्याला मायार प्रक्रिया म्हणतात, लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ती मांडली. साखर एकटी १६० च्या पुढे रंग धरते, पण दुधाबरोबर असली की त्याच्या बरंच खालीही धरते. कंडेन्स्ड मिल्क नुसतं तापवलं तरी तपकिरी होतं ते याच्यामुळे. यावरून आठवलं, कंडेन्स्ड मिल्कचा बंद डबा पाण्यात तासन्‌तास उकळायचा प्रकार करू नका, पाणी आटलं आणि लक्ष नसलं तर डबा फुटतो आणि उकळतं दूध छतापर्यंत जातं. भांड्यात काढून, वर फॉइल लावून, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ओव्हनला ठेवलं तरी तेच होतं.

मुलांना दाखवायला सगळ्यात भारी म्हणजे जाळीदार टॉफी, पण ओतायचं काम मोठ्यांनीच करायचं. २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम गोल्डन सिरप किंवा मध, तीन मोठे चमचे पाणी, १५० पर्यंत न्या, गॅस बंद, दोन लहान चमचे खायचा सोडा चाळून टाका, गुठळी राहिली तर खाताना साबण चावल्यासारखं होतं. तीन-चार सेकंद ढवळा, सोड्यातून गॅस सुटतो आणि सगळं भसकन फुगतं, तसंच बटर पेपरवर ओता आणि मग हात लावू नका, पसरवू नका, ट्रे आपटू नका, नाहीतर जाळी बसते. तासाभरात कडक. हवाबंद डब्यात ठेवा, उघडं राहिलं तर दुसऱ्या दिवशी चिकट लगदा.

राहिलं पातेलं. ते घासत बसू नका, पाणी भरून उकळा, सगळं आपोआप विरघळतं, चमचे आणि थर्मामीटरची दांडी पण त्यातच. जाळीदार टॉफीचं पातेलं असंच धुवायचं. सॉसचं मात्र मी धूत नाही लगेच. त्यात कपभर दूध ओतायचं, चिमूटभर मीठ, मंद आचेवर कडेचं सगळं सुटेपर्यंत ढवळायचं आणि त्याच पातेल्याशेजारी उभं राहून प्यायचं. घरातल्यांना बरणी दाखवायची, या कपाबद्दल कुणाला काही बोलायचं नाही.